माळ्यावरची पेटी रद्दीत देऊ नका: कोकणातल्या आफ्रिकावाल्या घरांना खुले पत्र

रत्नागिरी-रायगडच्या ज्या ज्या घरातलं कुणी केप टाउनला गेलं, त्या सगळ्या घरांना,

सप्रेम नमस्कार, सलाम.

तुमच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत नाही, पण तुमची घरं ओळखतो. खाडीच्या कडेची, जांभ्याची, पुढे लांब पडवी असलेली. गावात त्या घराला कुणी आडनावाने हाक मारत नाही, 'आफ्रिकावाल्यांचं घर' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले कोकणी मुसलमान केप टाउनला जाऊ लागले. तिथे राबले, इथे पैसे पाठवले, त्यातून ही घरं उठली. १९१३ च्या कायद्याने नव्या माणसांना दार बंद झालं. काही परत आले, काही तिथलेच झाले. पत्रं मात्र दोन्हीकडून चालू राहिली, आणि आता ती पत्रं, फोटो, वह्या पत्र्याच्या पेट्यांत माळ्यावर पडून आहेत.

हे पत्र त्या पेट्यांबद्दल आहे. खरं तर त्या पेट्यांमधल्या एकाच गोष्टीबद्दल.

मी पस्तीस वर्षं क्रिकेटचा स्कोअरर होतो. मुंबईत नोकरी आणि शनिवार-रविवार आझाद मैदान. कांगा लीग भर पावसात खेळतात, तेव्हा वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हात पिशवीत खुपसून मी चेंडूगणिक ठिपके मांडलेत. आता गावी, खेड तालुक्यात राहतो. गेल्या वैशाखात शेजारच्या खालांच्या घराची कौलं परतायची होती म्हणून माळा रिकामा करायला मी आणि माझा पुतण्या गेलो. एका पेटीत साड्यांच्या खाली पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो निघाला. बारा माणसं, ब्लेझर घातलेली, पाठीमागे माथा सपाट कापलेला डोंगर. तो टेबल माउंटन हे मला लगेच कळलं. पुढच्या रांगेत कडेला एक पोरगा मांडी घालून बसलाय. त्याच्या मांडीवर आडवी, लांबोडकी, जाड पुठ्ठ्याची वही.

ती वही मी कुठेही ओळखली असती. ते स्कोअरबुक होतं. पोरगा त्या संघाचा स्कोअरर.

फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहिलेली आहेत. पहिली सात वाचता येतात. पुढचं ओलाव्याने गेलंय, आणि क्लबचं नाव होतं त्या कोपऱ्याला कसर लागली आहे. खाला म्हणाल्या, "हे आमचे मोठे चाचा. केपला क्रिकेट खेळत. बाकीचे कोण ते त्यांना माहीत, आणि ते तर गेले." मग फोटो त्यांनी पुन्हा साड्यांखाली ठेवायला घेतला आणि मी त्यांचा हात धरला. वयाने मोठ्या बाईचा हात असा धरणं बरं दिसत नाही, पण मला राहवलं नाही.

का राहवलं नाही, ते सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद १९४८ च्या निवडणुकीनंतर कायद्यात बसवला गेला असं आपण शाळेत शिकलो. मैदानात तो कितीतरी आधी होता. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेचा पहिला संघ इंग्लंडला गेला, तेव्हा केपचा वेगवान गोलंदाज क्रोम हेन्ड्रिक्स केवळ रंगामुळे वगळला गेला. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं 'दक्षिण आफ्रिकेचा संघ' म्हणजे गोऱ्यांचा संघ. वह्या त्यांच्या, वार्षिक अंक त्यांचे, आकडेवारी त्यांची. परदेशातल्या वाचकाला त्या देशात दुसरं कुणी बॅट धरतं याचा पत्ताच नव्हता.

पण धरत होते, हजारोंनी. केप टाउनमध्ये ग्रीन पॉइंटच्या मोकळ्या मैदानावर एकाच वेळी कितीतरी सामने चालायचे, एकाच्या सीमारेषेत दुसऱ्याचं क्षेत्ररक्षण. (आझाद मैदानावर आमच्या मिडविकेटच्या पाठीला पाठ लावून शेजारच्या सामन्याचा स्लिप उभा असायचा. त्यामुळे हे चित्र मला समजावून सांगावं लागत नाही.) फरक एवढाच की तिथे खाली हिरवळ नव्हती. सकाळी खेळाडूंनी येऊन आधी खडे वेचायचे, मग खेळपट्टीवर चटई ताणून खिळे ठोकायचे, मग नाणेफेक. संध्याकाळी चटई गुंडाळून खांद्यावर टाकून घरी. आणि थोड्या मैलांवर न्यूलँड्सचं मखमली मैदान. तिथे त्यांना जायला मिळे, पण वेगळ्या कुंपणाआडच्या जागेत, प्रेक्षक म्हणून. त्या कुंपणाआडून ते पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवायचे.

आता एक गोष्ट मुंबईच्या माणसाला पटकन कळेल. हे लोकसुद्धा सुरुवातीला जातवार वाटलेले होते. भारतीयांची संघटना वेगळी, केपच्या मलाय मुसलमानांची वेगळी, तिथे ज्या मिश्र वंशाच्या लोकांना 'कलर्ड' म्हणत त्यांची वेगळी, आफ्रिकनांची वेगळी. चाळिशीच्या दशकात या सगळ्यांची मिळून एक मध्यवर्ती संस्था झाली, दक्षिण आफ्रिका क्रिकेट बोर्ड ऑफ कंट्रोल, बोलीत 'सॅकबॉक'. तिने १९५१ पासून आंतरवंशीय स्पर्धा भरवली: भारतीय विरुद्ध मलाय, कलर्ड विरुद्ध आफ्रिकन. आपल्या पंचरंगीची धाकटी बहीणच म्हणा. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि बाकीचे, असे संघ आपल्याकडेही होते. त्यावर राष्ट्रीय चळवळीतून टीका झाली आणि १९४६ साली ती बंद पडली.

तिथे ती कशी संपली, हा मला या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. १९५६ साली केनियातल्या आशियाई खेळाडूंचा संघ दक्षिण आफ्रिकेत आला. त्याच्याशी खेळायला चारही गटांतून मिळून एकच संघ निवडला गेला. कप्तान होता केप टाउनच्या सिग्नल हिलच्या उतारावर वाढलेला, सेंट ऑगस्टीन्स क्लबचा बेसिल डॉलिव्हेरा. त्यांनी मालिका जिंकली. १९५८ साली हाच मेळ पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. एकत्र जेवलेली, एकत्र खेळलेली माणसं परत आली आणि पुन्हा आपापल्या वंशाच्या संघात जाऊन एकमेकांविरुद्ध उभं राहायचं त्यांच्या मनाला पटेना. दोन-तीन वर्षांत त्यांनी वंशवार संघटनाच मोडून टाकल्या आणि प्रांतवार संघ केले. सरकारने सांगितलं नव्हतं. उलट १९५६ सालीच सरकारने गोऱ्यांनी आणि बिगरगोऱ्यांनी खेळाचा कारभार वेगवेगळा चालवावा असं जाहीर केलं होतं. सभोवती सगळा देश माणसं वेगळी काढत असताना या क्लबच्या लोकांनी, शिंपी, गवंडी, शाळामास्तर, छापखान्यातले कामगार, यांनी आपल्या हातात जेवढं होतं तेवढं एकत्र केलं. कुठल्या सभेत कोण काय बोललं, कोण विरोधात उभं राहिलं, कोण रडलं, हे सगळं तेव्हाच्या क्लबांच्या इतिवृत्तांत असणार. ती इतिवृत्तं कुठे असतील? क्लबला ना इमारत ना कपाट. ती सेक्रेटरीच्या घरात असायची, पलंगाखाली.

डॉलिव्हेराची पुढची गोष्ट जगाला ठाऊक आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडकडून १५८ धावा, तरी दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघातून वगळणं, मग संघातला कार्टराइट जायबंदी म्हणून त्याच्या जागी निवड, पंतप्रधान फोर्स्टरचा नकार, दौरा रद्द. हे पुस्तकांत आहे, माहितीपटांत आहे. त्याच्या आधीची गोष्ट जास्त ऐकण्यासारखी आहे. १९५८ साली त्याने इंग्लंडमधले समालोचक जॉन आर्लट यांना हिरव्या शाईत पत्र लिहिलं: मला तिकडे खेळायची संधी मिळेल का? आता पलीकडचा माणूस विचारणार, तुझे आकडे काय? आकडे होते, शतकंच्या शतकं होती, पण ती खडीवरच्या चटईवरची, ज्यांची नोंद कुठल्याही वार्षिकात नाही अशा सामन्यांतली. खेळाडू असल्याचा पुरावाच त्या देशाने त्याला दिला नव्हता. तरी १९६० साली लँकेशायरच्या मिडलटन क्लबने त्याला ४५० पौंडांवर एका मोसमासाठी बोलावलं. प्रवासाचं भाडं परवडेना, तेव्हा दामू 'बेनी' बन्सडा या केप टाउनच्या क्रीडा पत्रकाराने पुढाकार घेऊन वर्गणी उभी केली. गल्लोगल्लीच्या माणसांनी नाणी टाकली. मोसमाअखेर डॉलिव्हेरा लीगच्या सरासरीत गॅरी सोबर्सच्याही पुढे होता.

त्या वर्गणीच्या यादीत कुणाकुणाची नावं होती? तुमच्या आजोबांचं होतं का? असेल तर तो कागद कुणाच्या तरी पेटीत आहे.

मी हे फक्त एका थोर खेळाडूसाठी विचारत नाही. तो गेला, त्याला इंग्लंड मिळालं. मागे राहिले त्यांचं काय? त्यांनी दर शनिवारी खेळणं चालू ठेवलं. ११ फेब्रुवारी १९६६ ला केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग फक्त गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाला, आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांच्या आसपास माणसं उचलून शहराबाहेरच्या वाळूत, केप फ्लॅट्सवर टाकली गेली. घरं बुलडोझरने पाडली. विचार करा, एका क्लबचे अकरा खेळाडू, जे एकाच गल्लीत राहत होते, ते आता दहा दिशांना. सरावाला यायला दोन बस बदलायच्या. तरी क्लब चालू राहिले. काही जुन्याच नावाने, जुन्याच टोपीच्या रंगाने. पण घर पाडायच्या घाईत कपाटातलं काय नेलं आणि काय मागे राहिलं, हे कुणी मोजलं नाही. कप राहिले असतील कारण ते चकाकतात. वह्या राहिल्या असतील?

पाडकामावरच्या एका माणसाने तिथल्या गल्ल्यांच्या नावाच्या पाट्या जपून ठेवल्या होत्या. १९९४ च्या डिसेंबरात बाइटेनकांट स्ट्रीटवरच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय उघडलं, तेव्हा त्या पाट्या तिथे लागल्या. जमिनीवर त्या वस्तीचा भला मोठा नकाशा अंथरला आहे आणि जुने रहिवासी येऊन आपलं घर जिथे होतं तिथे नाव लिहितात. ज्याने ती वस्ती पाडली त्याच कामावरच्या माणसाला त्या पाट्या फेकवल्या नाहीत. आपण तर त्या माणसांचे सख्खे.

दुसरं उदाहरण याहून मोठं आहे. केप टाउनसमोरच्या रॉबेन बेटावरच्या राजकीय कैद्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले की आम्हाला फुटबॉल खेळू द्या. अर्ज केल्याबद्दल शिक्षा झाल्या, तरी केले. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी मकाना फुटबॉल असोसिएशन काढली. त्याच बेटावर कैदेत असलेल्या आणि पळून जाताना बुडालेल्या खोसा जमातीच्या योद्ध्याचं ते नाव. घटना लिहिली, फिफाचे नियम लावले, तीन विभागांची लीग केली, पंचांचे अहवाल, तक्रारी, अपिलं, सगळं लेखी. दगडाच्या खाणीत दिवसभर काम करून आलेली माणसं रात्री बसून लिहायची की अमुक सामन्यात गोल ऑफसाइड होता आणि आम्ही निषेध नोंदवतो. ते कागद टिकले. वेस्टर्न केप विद्यापीठातल्या मायिबुये अभिलेखागारात खोकी भरून आहेत. २००७ साली फिफाने त्या असोसिएशनला मानद सदस्यत्व दिलं, ते शक्य झालं कारण दाखवायला कागद होता. कोठडीतल्या माणसाने जे सांभाळलं ते आपण पडवीत बसून गमवायचं का?

डर्बनकडे सेवसंकर 'पापवा' सेवगोलम होता, गोल्फर, हातांची पकड जगाच्या उलट, डच ओपन तीनदा जिंकलेला. १९६३ साली नाताल ओपन जिंकला तेव्हा क्लबच्या इमारतीत त्याला प्रवेश नव्हता, म्हणून ढाल त्याला बाहेर पावसात उभं करून दिली. त्या क्षणाचा फोटो जगभर गेला. एका फोटोने केवढं काम केलं! म्हणून म्हणतो, फोटो म्हणजे घराची शोभा एवढंच नव्हे.

आता थोडं अवघड बोलतो, आणि ते तुम्ही ऐकून घ्याल असं वाटतं.

पेटी उघडलीत तर सगळंच गोड निघणार नाही. सत्तरच्या दशकात सॅकबॉकचे अध्यक्ष हसन होवा म्हणायचे, विकृत समाजात निकोप खेळ असू शकत नाही. १९७१ साली गोऱ्यांच्या संघटनेने ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर दोन बिगरगोरे खेळाडू न्यायची कल्पना काढली, तेव्हा होवांनी ती नाकारली: उपकार नको, सगळ्यांची निवड एका मापाने करा. सरकारने तर परवानगी दिलीच नाही. पण त्या दोघांच्या घरी काय वाटलं असेल? १९७३ साली सगळ्या खेळांची मिळून सॅकॉस ही संघटना झाली आणि तिचा नियम कडक होता. गोऱ्यांच्या स्पर्धेत पाऊल टाकलंत तर आमच्यात जागा नाही. १९७६ च्या सुमारास 'नॉर्मल क्रिकेट' म्हणून गोऱ्यांबरोबर एकत्रीकरणाचा प्रयोग झाला, काही क्लब त्यात गेले, काही राहिले. राहिलेल्यांनी १९७७ मध्ये साउथ आफ्रिकन क्रिकेट बोर्ड ही नवी संस्था केली. क्लब फुटले, जिवाभावाचे मित्र एकमेकांना टाळू लागले. गेलेल्यांना गद्दार म्हटलं गेलं. राहिलेल्यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं खडीवर घालवली आणि देशाची टोपी कधी पाहिली नाही. मला स्वतःला राहिलेल्यांची बाजू बरोबर वाटते. पण गेलेल्यांच्या घरातल्या पेट्याही मला तेवढ्याच हव्या आहेत. तुमचे चाचा 'त्या बाजूला' गेले म्हणून फोटो भिंतीवरून उतरवला असेल, तर तो जाळू नका. धर्म पाहून, कातडीचा उजळपणा पाहून सदस्य घेणारे क्लब आपल्याच बाजूलाही होते. इतिवृत्तात ते असेल, असू द्या. पानं फाडून दिलेली वही मी स्कोअरर म्हणून स्वीकारली नसती.

आणि बायकांची नावं शोधा. स्कोअरबुकात ती सापडणार नाहीत. पण ती पांढरी पँट कुणी शिवली, कोण शुक्रवारी रात्री धुऊन इस्त्री करायचं, चहाच्या वेळचे समोसे कुठल्या घरातून यायचे, प्रवासाच्या भाड्यासाठी खाद्यपदार्थांचे स्टॉल कुणी लावले, हे खालांना विचारलं तर त्या थांबत नाहीत. आमच्या खाला दोन तास बोलल्या. त्यातला दीड तास पुरुषांचा विषयच नव्हता.

तुम्ही म्हणाल, जुन्या स्कोअरने आता कुणाचं काय भलं होणार. एक घडलेली गोष्ट सांगतो. सॅकबॉक आणि नंतरच्या बोर्डाने १९७१-७२ पासून तीन दिवसांचे प्रांतिक सामने खेळवले. होवांच्या नावाने त्याला होवा बाउल म्हणत. १९९१ साली सगळ्या संघटना एक झाल्या, दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये आली, आणि नोव्हेंबरच्या दहा तारखेला इडन गार्डन्सवर भारताविरुद्ध खेळली. मीही त्या दिवशी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. 'पुनरागमन' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. मैदानात उतरलेले अकराही गोरे होते. होवा बाउलमध्ये वीस वर्षं खेळलेल्यांचं कसलं पुनरागमन? ते आधी कधी आत होतेच कुठे? मला हे सुचायला बरीच वर्षं लागली, आणि त्याची मला आजही खंत आहे.

नंतर काही चिवट माणसांनी त्या वीस वर्षांचे धावफलक गोळा केले. वृत्तपत्रांची कात्रणं, घराघरांतल्या वह्या, जुळवून, तपासून. आणि त्या सामन्यांना मागाहून प्रथम श्रेणीचा दर्जा मिळाला. वेस्टर्न प्रॉव्हिन्सचा व्हिन्सेंट बार्न्स, तीनशेहून अधिक बळी, सरासरी बाराच्याही आत. एका रात्रीत तो आणि त्याचे सोबती प्रथम श्रेणीचे क्रिकेटपटू झाले. नातवाला दाखवायला नाव छापून आलं. हे कशामुळे? कुठल्या तरी पोराने मांडीवर वही घेऊन ठिपका न चुकवता लिहिलं होतं म्हणून. त्याच्या आधीच्या सामन्यांना, १९५१ च्या स्पर्धेला, केनियाविरुद्धच्या मालिकेला तो दर्जा नाही.

माझ्या स्वतःच्या क्लबचं काय झालं तेही सांगतो. नाव घेत नाही. पस्तीस वर्षांत मी भरलेल्या वह्या, आणि माझ्या आधीच्या स्कोअररच्या, सगळ्या तंबूतल्या एका लोखंडी कपाटात होत्या. मी निवृत्त होऊन गावी आलो. दोन वर्षांनी गेलो तेव्हा कपाटाला नवा हिरवा रंग होता आणि आत हेल्मेटं. वह्या कुठे विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, त्या रद्दीत दिल्या." त्याची चूक नाही, कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं. एका वहीत एका सतरा वर्षांच्या मुलाची सलग नऊ निर्धाव षटकं होती. ती मी पाहिली, मी लिहिली, आणि आता ती झाली असं मी कुणालाच दाखवू शकत नाही.

म्हणून हे पत्र. केप टाउनला तुमच्या भाचे-पुतण्यांच्या घरात मराठी वाचणारं आता कुणी नसेल. इथे तुमच्या घरात आहे. तुम्ही वाचा आणि फोन लावा, आठवड्याचा व्हिडिओ कॉल होतोच, त्यात कोकणीत सांगा. तिथल्या आजोबांना विचारा कुठल्या क्लबकडून खेळलात, मैदान कुठलं, चटई कोण आणायचं, पंच कोण असायचा. बोलत असताना रेकॉर्ड करा, मध्ये दुरुस्त्या करू नका. वहीच्या पानांचे फोटो काढायचे तर कोरी पानंही घ्या, कव्हरच्या आतली बाजूही, कारण तिथेच संघाची वर्गणी आणि चटईच्या दुरुस्तीचा खर्च लिहिलेला असतो. फोटोला प्लास्टिक चिकटवून लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर नकोच. मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे. वस्तू घरातच राहू द्या, तुमच्याकडून कुणी ती हिसकावून घेणार नाही. प्रती मात्र तिकडच्या संग्रहालयाला आणि अभिलेखागाराला जाऊ द्या, आणि एक प्रत इथल्या गावच्या वाचनालयात. पावसाळ्याच्या आत करा. कोकणातला पाऊस आणि वाळवी यांच्याशी आपली जुनी ओळख आहे.

गावच्या जमातींच्या आणि वाचनालयांच्या कार्यकर्त्यांनी मनावर घेतलं तर एका रविवारी सगळ्यांनी पेट्या घेऊन एका ठिकाणी जमता येईल. स्कॅनर मी आणतो. वही कशी वाचायची, डब्ल्यूच्या आकारात जोडलेले ठिपके म्हणजे विकेट घेतलेलं निर्धाव षटक, एमचा आकार म्हणजे नुसतंच निर्धाव, हे शाळेतल्या पोरांना मी शिकवीन. चार पोरं तयार झाली तरी पुष्कळ.

खालांच्या फोटोतली आठव्या नावापासून पुढची माणसं कोण याचा शोध केप टाउनपर्यंत गेलाय. त्यांच्या नणंदेच्या मुलाने तिथल्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजानंतर म्हाताऱ्यांना तो मोबाइलवर दाखवला. पंच्याऐंशीच्या एका गृहस्थांनी मागच्या रांगेतल्या दोघांची नावं सांगितली आणि मग पुढच्या रांगेत कडेला बसलेल्या पोरावर बोट ठेवून ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांना नाव आठवतंय, आज जिभेवर येत नाहीये, पुढच्या शुक्रवारी सांगतो म्हणालेत. मी पेन्सिल टोकदार करून ठेवली आहे.

तुमचाच,
एक निवृत्त स्कोअरर
खेड, जिल्हा रत्नागिरी